सुतकातला हुरडा

आमची वस्ती म्हणजे एकच भावकी. कवठे महांकाळच्या रस्त्यावरून फाट्याला आत वळलं, की ओढ्याच्या अलीकडची सगळी घरं आमचीच. कुणी दीर, कुणी चुलत सासरा, कुणी पुतण्या. शहरातल्या लोकांना हुरडा खायला बोलवायचं, घराघरांत उतरवायचं आणि येईल ते सगळ्या घरांनी वाटून घ्यायचं, असं आम्ही बायकांनी ठरवलं तेव्हा थोरले चुलत सासरे म्हणाले, "आपल्या आपल्यातच बरं. बाहेरचं आलं की भांडणं." आम्हीही माना डोलावल्या. पाहुणचाराचं शिकवायला एक बाई यायच्या, त्यांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, आमची सगळी एका रक्ताची माणसं, कुणाला मध्ये घुसायला फटच नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

धाकट्या जावेचा तर जीवच त्या कामात अडकला होता. माझा धाकटा दीर कोइंबतूरला गलाईच्या दुकानात आहे. सोनं गाळायचं काम. आमच्याकडची कितीतरी माणसं या धंद्यापायी देशभर पांगलीत. दुकानाच्या मागंच त्यांची खोली, आणि ॲसिडचा धूर दिवसभर तिथंच घुटमळायचा. पोरीला दम लागायला लागला, खोकून खोकून ती निळी पडायची, तशी जाऊ तिला उचलून इकडं आली. इथल्या हवेत पोर सुधारली, शेरडांमागं पळायला लागली. पण दोन ठिकाणच्या दोन चुली दिराला झेपेनात. तो म्हणाला होता, या हंगामात तुमचं बस्तान बसलं तर राहा तिथंच, नाहीतर मुकाट परत या. त्याचं तरी काय चुकलं? राब राब राबतोय बिचारा.

म्हणून सगळ्यात पुढं जाऊच. अंगण तिनं सारवलं, गोधड्या तिनं धुतल्या. पाहुण्यांची गाडी दिसली की हसून हात करायचा, असं त्या शिकवणाऱ्या बाई सांगायच्या. तेही तिनं पोरीला शिकवलं. पोरगी मग उसाच्या ट्रॅक्टरलासुद्धा हात करत सुटली.

पुण्याच्या एक बाई लोकांना गावोगाव फिरवून आणायच्या. त्या पहिल्यांदाच बस घेऊन येणार होत्या, आणि जमलं तर हुरडा संपेपर्यंत दर शनिवारी. आदल्या दिवशी आम्ही शेंगदाण्याची चटणी कुटली, दही लावलं, कणसं भाजायला खड्डा खणून शेजारी शेण्या रचल्या. जाऊ तीन-तीनदा जाऊन तो खड्डा बघून यायची. मी म्हटलं, "अगं, खड्डा काय पळून जातोय व्हय?" तर हसली.

शनिवारी सकाळी सांगलीहून फोन आला, भावकीतले एक म्हातारे आजेसासरे गेले. ते तिकडं लेकाजवळ असायचे. माझ्या लग्नापासून त्यांनी वस्तीवर पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. पण भावकीतले ते भावकीतले. ओढ्याच्या अलीकडच्या एकूण एक घराला सुतक! सुतकातल्या घरचं पाणीसुद्धा बाहेरचं कुणी पीत नाही. कालची चटणी, दही, सगळं त्यातच गेलं. गेलेल्या माणसाला बोलू नये, पण मी मनात म्हटलं, आजोबा, सोमवारपर्यंत कळ काढली असती तर काय बिघडलं असतं हो तुमचं?

पुण्याच्या बाईंना फोन लावला, तर बस कराडच्या पुढं आलेली.

जाऊ म्हणाली, "त्यास्नी काय कळतंय सुतकाचं? गप रांधू की."

चुलत सासरे दारातच उभे होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडायला येतं. पण ते हळूच म्हणाले, "पोरी, त्यास्नी ठावं न्हाई म्हनून सुतकाच्या हातचं खायला घालायचं व्हय? ही फसवनूक झाली."

माझा असल्या गोष्टींवर लय विश्वास आहे असंही नाही. तरी पीठ घ्यायला डब्याकडं हात नेला आणि तो पुढं जाईना. जाऊ माझ्याकडंच बघत होती. मग तिनंच परात उचलून पालथी घातली.

बस आली. आम्ही सगळं खरं सांगितलं. माणसं चांगली होती, हळहळली, लिंबाखाली बसून राहिली. पण लेकरं भुकेली, आणि आम्ही लांब उभ्या, पाण्याचा तांब्या पुढं करायची चोरी.

दुपारी ओढ्यापलीकडच्या धनगरवस्तीवरच्या बायका भाकरीच्या पाट्या घेऊन आल्या. सुतकात पहिल्या दिवशी आमच्यात चूल पेटवत नाहीत, तेव्हा ही माणसं पिठलं-भाकरी आणून घालतात. त्यांच्यात कुणी गेलं की आम्ही नेतो. कधीपासून चालत आलंय. त्यांच्यातल्या म्हातारीनं आम्हाला वाढलं आणि लिंबाखाली नजर टाकली. "आवं, पाव्हणं उपाशी जात्याल व्हय तुमच्या दारातनं? गावाची अब्रू जाईल की! चला रं लेकरानू." आणि ती सगळ्यांना घेऊन गेली. उभ्या पिकाला सुतक नसतं असं चुलत सासऱ्यांनीच ठरवलं, म्हणून हुरडाही आमच्याच रानातला गेला. बांधाकडची कणसं कोवळी आहेत, ती काढा, असं जावेनंच लांबून ओरडून सांगितलं. म्हातारीचे उपकार कसे फेडावेत, असं आम्ही त्या दिवशी म्हणत होतो. अगदी मनापासून म्हणत होतो.

सुतक फिटल्यावर मी पुण्याला फोन केला. बाई भलत्याच खूश. मेंढरं, मांडीवर घेतलेली कोकरं, म्हातारीचं बोलणं, लोकांना सगळं फार आवडलं होतं. आता दर शनिवारी तिथंच उतरायचं ठरलंय म्हणाल्या. "मग आमच्याकडं?" मी विचारलं, तशी म्हणाल्या, "अहो, तुमचंच गाव ना ते? एकच की!"

खरंच की. एकच. मी फोन ठेवला आणि भांडी आदळत बसले.

म्हातारीला कळलं तशी ती धावत आली. डोळ्यांत पाणी. "मी न्हाई म्हनून सांगते त्यास्नी. ह्ये तुमचं हाय." तिच्याही सुना रानोमाळ हिंडून दमलेल्या. तिच्या ताटातलं काढून घ्यायला माझी जीभ रेटेना. रागवायला कुणी सापडलं असतं तर निदान बरं वाटलं असतं. म्हातारी म्हणाली, "मग तुमीबी या की, मिळून करू." आम्ही हो म्हटलं. चुलत सासऱ्यांनीही या खेपेला मान डोलावली. पण तिच्यातच हातांची काय कमी होती? दर शनिवारी जाऊ तिथं चार भाकऱ्या थापून यायची, एवढंच. त्यात चूल पेटत नाही हे दिराला फोनवरही कळत होतं. त्यानं तिकिटं काढली.

निघायच्या दिवशी मी दोघींना सोडायला फाट्यावर गेले. जाऊ रडली नाही. पोरीच्या गळ्याभोवती रुमाल गुंडाळत राहिली, जसा काही धूर इथूनच सुरू होणार होता. तो दिवसही नेमका शनिवार. त्यांची एसटी हलली आणि समोरून पाहुण्यांची बस आली. रस्ता अरुंद, दोन्ही गाड्या अगदी खेटून गेल्या. पोरीनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि शिकवल्यासारखी हसत ओरडली, "या, या!" बसमधल्या सगळ्यांनी तिला हात केले.

एसटी दिसेनाशी झाली. बस माझ्यापाशी थांबली. ड्रायव्हर नवा होता, त्यानं विचारलं, "ताई, ती मेंढ्यावाल्यांची वस्ती कुठून?"

मी ओढ्याकडं हात केला. सरळ जावा, ओढा ओलांडला की डाव्या हाताला, असं नीट सांगितलं, आणि हसून म्हणाले, "या हं."