काचेवरचे तांबडे

घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही अशा मुलखात आम्ही तिघं घरात समुद्र पाळतो. म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाक्या. त्यात मासे, जिवंत प्रवाळ, सगळं. असला नाद असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते घरबसल्या साठतात. टाकी कशी चाललीय हे कुणी विचारतच नाही, आता काय मेलं तेवढं विचारतात.

तिघं म्हणजे साताऱ्याचे रिटायर्ड सुभेदार, तासगावचा द्राक्षबागायतदार भगवान आणि सांगलीत चष्म्याचं दुकान चालवणारा मी. गेले कित्येक महिने आमच्या ग्रुपवर एकच विषय आहे. जंत! चपटे, तांबडे, तांदळाच्या कणीएवढे. काचेवर, दगडावर, प्रवाळावर निवांत सरकत असतात. वाढले की प्रवाळ झाकून टाकतात, मग त्याला उजेड मिळत नाही आणि ते कुजतं.

*

हे आले कसे, तर मानापानातून.

नवीन प्रवाळ आणलं की आधी औषधाच्या पाण्यात बुचकळायचं, झटकायचं, मगच टाकीत सोडायचं, हा नियम आम्हाला पाठ होता. पण सुभेदारांकडचा तुकडा म्हणजे शेजारच्या घरचं विरजण. ते स्वतः डबा घेऊन यायचे, चहा घ्यायचे आणि तुकडा टाकीत बसलेला बघितल्याशिवाय उठायचे नाहीत. मी त्यांच्यादेखत तो तसाच सोडला. भगवाननंही तेच केलं.

पुढं मी त्याला झापलं, तर म्हणाला, "सुभेदारांनी दिलेलं धुवायचं व्हय रं? माणूस काय म्हणंल?"

एका दगडावरचे जंत आदरानं तीन घरांत पोचले होते.

*

आमची टाकी नावाला माझी. खरी ती तात्यांची, म्हणजे वडिलांची. ते एसटीचे ड्रायव्हर होते, सगळी नोकरी सांगली-जत रस्त्यावर गेली. लकवा झाला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळपास गेलं. तेव्हापासून सकाळच्या चहानंतर त्यांची खुर्ची टाकीसमोर लावायची ती जेवणापर्यंत. आत नारिंगी माशांची जोडी. डॉक्टर म्हणाले, "त्यांचं लक्ष लागतंय कुठंतरी, ते तेवढं मोडू नका."

हे ऐकल्यापासून मला चैन नाही. जंत ठेवले तर प्रवाळ जातंय, औषध घातलं तर मासे जाण्याची भीती. गिऱ्हाईक बसवून ठेवून मी घरी टाकी बघून यायला लागलो. एकदा तर एका बाईंच्या चष्म्याच्या काचेवर तांबडा ठिपका दिसला आणि मी चिमटा उचलला. कुंकू होतं ते! बाईंनी चष्मा माझ्या हातातून काढून घेतला आणि समोरच्या दुकानात गेल्या.

*

सुभेदारांचा औषधावर विश्वास नाही. त्यांचं म्हणणं, शत्रू हातानं धरायचा. सकाळी टाकीचा दिवा लागला की जंत उजेडाच्या बाजूला गोळा होतात. सुभेदार त्याला पलटणीतलं "फॉलिन" म्हणतात. मग बारीक नळी आत सोडायची, दुसऱ्या टोकानं तोंडानं पाणी ओढायचं, धार लागली की बादलीत.

एका सकाळी त्यांनी जरा जोरात ओढलं.

सुभेदारीण काकूंनी कपाटातून जंताची गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. आम्ही भेटायला गेलो तर म्हणाल्या, "टाकीतलं जातील न जातील, ह्यांच्या पोटातलं तरी गेलं."

*

मी मधला मार्ग काढला. असले जंत खाणारा एक पट्टेरी मासा असतो, असं वाचलं होतं. पुण्याहून आणला. साताऱ्याच्या अलीकडं खंडाळ्याजवळ गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, एसी बंद पडला आणि मी पिशवी मांडीवर घेऊन वर्तमानपत्रानं तिला वारा घालत बसलो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, आजारी आहे का? मी हो म्हणालो, समजावत बसायचं त्राण नव्हतं.

घरी आल्यावर पठ्ठ्यानं जंतांकडं ढुंकून बघितलं नाही. दुकानातलं महागडं खाद्य तेवढं खायचा आणि दगडाखाली जाऊन पडायचा. बायको म्हणाली, "जावई आणलाय तुमी."

*

भगवानचा किस्सा हसत सांगायचा नाही, पण सांगतो.

त्यानं औषध आणलं. बाटलीवर मोजून थेंब लिहिलेले. पण बागेत फवारणाऱ्या माणसाचा हात तो, लेबलापेक्षा थोडं जास्त मारलं की त्याला बरं वाटतं. जंत पटापट सुटून पडले. त्यानं ग्रुपवर फोटो टाकला, "खल्लास!"

अडचण अशी की हे जंत मरताना पाण्यात विष सोडतात. थोड्याच वेळात मासे वर येऊन धापा टाकायला लागले. मी फोनवर ओरडलो, कोळसा टाक, कोळसा विष ओढतो. मला टाकीसाठी मिळतो तो धुतलेला कोळसा म्हणायचं होतं. भगवान पळत इस्त्रीवाल्याकडं गेला आणि घमेलंभर घेऊन आला. पाणी काळंकुट्ट झालं, आत कोण जिवंत आहे ते दिसेना. पाणी निवळलं तेव्हा कुणीच नव्हतं.

मी गेलो तर तो रिकाम्या टाकीसमोर बसला होता. "गारपिटीत बाग गेली तवा बी एवढं वाटलं न्हवतं गड्या," म्हणाला.

*

त्यानंतर माझी टाकी. पुढं ढकलायला जागा नव्हती, अर्ध्याहून जास्त प्रवाळ झाकलं गेलं होतं. एका रविवारी सकाळी दोघंही आले. तात्यांना आतल्या खोलीत न्यायला गेलो तर त्यांनी डाव्या हातानं खुर्ची घट्ट धरली. राहू दे म्हटलं.

आधी सुभेदारांनी नळीनं निघतील तेवढे जंत काढले. भगवाननं औषध मोजलं. लेबलापेक्षा एक थेंब त्यानं कमीच सोडला. जंत सुटायला लागले, ते मी नळीनं ओढत राहिलो. मग ह्या वेळी टाकीचाच धुतलेला कोळसा, मग नवं खारं पाणी. मी सारखा उठत होतो, बसत होतो, माशांचे कल्ले बघत होतो. सुभेदार शेवटी म्हणाले, "आवं बसा की एका जागी, तुमच्यानंच मासं बिचकत्यात."

नारिंगी जोडी जगली. पट्टेरी जावईही जगला. दुपारी प्रवाळ हळूहळू फुललं. भगवान डोळे पुसून हसला. मला तर काचेला मिठी मारावीशी वाटत होती.

तात्या मात्र टाकीकडं बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी चहानंतर खुर्ची लावली, तर त्यांनी मान खिडकीकडं फिरवली. तिसऱ्या दिवशीही तेच. जेवणही कमी झालं. मी खुर्ची पुढं सरकवली, काच दाखवली. "तात्या, बघा तरी, मासं हायत की. दोन्ही हायत."

त्यांनी डावा हात उचलला. काचेवर बोट टेकवलं आणि सावकाश, अगदी सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत नेलं. ओठ बराच वेळ हलत राहिले. कित्येक महिन्यांनी एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं.

"मासं लय पळत्यात रं. ती तांबडी कुठं गेली?"

मी दुकान उघडायला जायचं रद्द केलं. टॉर्च आणला, टाकीशी गुडघे टेकले आणि एखादा तरी राहिलाय का ते शोधायला लागलो.