एका अक्षरातले दोन गृहपाठ

दोन्ही गृहपाठांचं अक्षर एकच होतं. एकावर वनिताचं नाव, दुसऱ्यावर तिच्या नवऱ्याचं, सुरेशचं.

आमगावच्या अभ्यासकेंद्रावर मी समंत्रक होते. म्हणजे नोकरी-संसार सांभाळून घरून बी.ए. करणाऱ्यांना रविवारी शिकवायचं आणि त्यांचे गृहपाठ तपासायचे. वनिता छत्तीस वर्षांची, अंगणवाडीत मदतनीस. सुरेश राइस मिलमध्ये ऑपरेटर. वर्गात मी तिला प्रश्न विचारला की उत्तर तो द्यायचा. बहुधा चुकीचं.

नियमाप्रमाणे दोन्ही गृहपाठ रद्द होत होते. मी दोघांना बोलावलं.

"तिचं अक्षर चांगलं आहे, म्हणून तिनं लिवलं," सुरेश म्हणाला. "बिघडलं काय?"

"काही नाही. आता दोघं वेगवेगळ्या खोलीत एकेक पान लिहून द्या."

"वेगळ्या काऊन?"

"प्रोसीजर आहे."

अशी प्रोसीजर नव्हती.

त्याला क्लार्कसमोर बसवलं, तिला लायब्ररीत नेलं. तिनं पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरलं. तर्जनी काळीनिळी झाली होती.

"काय झालं?"

"दारात सापडलं."

मी कागद तिच्यापुढे सरकवला. चार ओळी लिहून ती थांबली. "पुढचे गृहपाठ बी लिवून दे म्हणत होते. मी नाही म्हटलं. त बोट दारात धरून दाबलं." मग घाईनं म्हणाली, "मले परीक्षा द्याची आहे, मॅडम. नाव नका काटू."

केंद्रप्रमुखांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "घरगुती मामला आहे. आपण गृहपाठापुरतं बघा."

"ठीक आहे सर. गृहपाठापुरतंच लिहिते. लिहिणारीचं बोट दाबलं म्हणून पुढचे गृहपाठ आलेले नाहीत."

त्यांनी चष्मा पुसला. मी लिहिलेल्या रिपोर्टवर सही केली.

घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी असतात. बाईची तक्रार लिहून कोर्टापर्यंत नेणं हे त्यांचं काम. वनिताला हे सांगितलं, तेव्हा ती "पाहतो" म्हणाली. पंधरा दिवस पाहिलं. मग भावाला घेऊन आली. एक्स-रेत हाड मोडलेलं निघालं. तक्रार झाली, ती भावाकडे राहायला गेली.

तिला गृहपाठ पुन्हा देऊ दिला. परीक्षेत लेखनिक मिळाली, म्हणजे ती सांगेल ते लिहिणारी मुलगी. पहिल्या पेपरला वनिता दोनदा तिच्या हातातून पेन ओढायला गेली. पास झाली, सेकंड क्लास. सुरेश पेपरला आलाच नाही.

त्यानंतर प्रवेशाच्या दिवशी आम्ही प्रत्येकाशी एकट्याशी पाच मिनिटं बोलायला लागलो. रांग लांबते. बाहेर थांबलेले नवरे कटकट करतात. करू द्यावी.