गोळीचा थांबा

आमच्या दुकानात येणारे एक काका गोळी एका पायावर उभे राहून घ्यायचे. दुखरा गुडघा डावा, म्हणून उजवा पाय वर आणि हात काउंटरवर.

"गोळीला थांबा कसा कळतो, पोरी?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. "उजव्या पायात उतरली तर फुकट जाईल."

तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन हदगावात राहिलेले. बसस्थानकासमोर माझं मेडिकल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. बी.फार्मचं प्रमाणपत्र काउंटरमागच्या भिंतीवर लावलंय. गिऱ्हाइकानं ते वाचल्याशिवाय मी औषध देत नाही, असं गावात बोलतात. खोटं आहे. फार तर बघायला लावते. तर असा प्रश्न कुणी विचारला की मी सोडत नाही.

"काका, गोळी पोटात विरघळते, रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर अंगभर फिरते. वाटेत गुडघा लागतोच."

"म्हणजे सगळी खेडी घेत जाती?"

"हाव."

"साधी गाडी. म्हणूनच उशीर." त्यांनी पाय खाली घेतला. "अन् इंजेक्शन म्हणजे विनाथांबा."

इतकं सोपं करून मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पण हे मी त्यांच्यापाशी कबूल केलं नाही.

पुढं त्यांना बीपीची गोळी लागली, रोज सकाळी एक. एक दिवस खांद्याला पिशवी अडकवून आले. माहूरला बहिणीकडं आठवडाभर निघाले होते. पाणी मागितलं. मी ग्लास दिला आणि बघते तर तळहातावर सात गोळ्या.

"हे काय काका?"

"हप्त्याचा पास. रोज रोज कोण तिकीट काढत बसंल?"

शिक्षण राहिलं बाजूला. काउंटरवर पालथी पडून मी त्यांचं मनगट धरलं. गोळ्या मलमाच्या खोक्यांत उडाल्या, पाणी थेट प्रमाणपत्राच्या काचेवर.

"सात एकदम घेतल्या तर बीपी इतका खाली जाईल, की माहूरच्या आधी दवाखान्यात उतरवतील तुम्हाला."

"मग उद्याचं कसं?"

"उद्याचं उद्या. आत लिव्हर आहे ना, ते चेकिंगवाल्यासारखं. एकेक गोळी धरून मोडतं आणि बाहेर काढतं. तिथं पास चालत नाही."

ते स्वतःच्या पोटाकडं बघू लागले. चेकिंगवाल्यांशी जन्मभर हुज्जत घातलेला माणूस, आणि एक चेकिंगवाला खुद्द पोटात निघाला.

"लई कडक हाय मग," म्हणाले आणि एकच गोळी घेतली. दोन्ही पायांवर उभं राहून.

माहूरहून आल्यावर त्यांनी नोकरीतला, तिकिटं टोचायचा जुना पंच शोधून काढला. गोळी घेतली की कॅलेंडरवर त्या तारखेला भोक.

आता ते लातूरला मुलाकडं राहतात. महिना संपला की कॅलेंडर खिडकीसमोर धरून मोबाइलवर फोटो पाठवतात. भोकाभोकातून ऊन आलेलं असतं.

गेल्या महिन्याच्या फोटोत एका मंगळवारला भोक नव्हतं. गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून मी फोन लावला. तीनदा कुणी उचलला नाही. चौथ्यांदा त्यांनीच उचलला.

"काका, मंगळवारची गोळी?"

"घेतली की."

"मग भोक?"

"मुद्दाम सोडलं. चेकिंग चालू हाय का बंद पडलं, बघून राहिलो."

मी चार शब्द सुनावले आणि फोन ठेवला. मग गिऱ्हाइकाला आणखी जरा थांबायला सांगून, फोटो मोठा केला आणि बाकीच्या तारखा एकेक करून तपासल्या.