मुंगसाने नेलेल्या कोंबड्या

टेम्पोत गाद्या, शेगडी, कपाट सगळं चढवून झालं, तरी आई डालगं धरून उभीच होती. वेताच्या त्या टोपलीत माझ्या चार कोंबड्या. घोटीजवळच्या गावातून आम्ही नाशिकला निघालो होतो. यांना अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती.

"शहरात कोंबड्या कशाला?" हे म्हणाले.

माझं माहेरही त्याच गावात. आईने डालगं माझ्या मांडीवर ठेवलं. "राहू द्या जावईबुवा. तिला तिथं बोलायला कोन हाय?"

गावच्या बायका अजून विचारतात, कोंबड्या काय म्हणतात? दर वेळी मी विषय बदलते. आज सांगून टाकते.

भाड्याच्या घरामागे थोडी मोकळी जागा होती. तिथे फळ्या ठोकून खुराडं केलं. शेजारच्या बायका नोकरीवाल्या, दारं कायम बंद. मी कोंबड्यांशीच बोलायचे. उन्हाळ्यात खुराड्यावर ओलं गोणपाट टाकायचं, तांदळाची कणी भिजवायची, मानमोडीची साथ आली की रिक्षाने जाऊन लस टोचून आणायची. एका कोंबडीचा पाय बोक्याने धरला होता. रोज हळद भरून मी तो बरा केला, पण ती लंगडीच राहिली. तिचं नावही लंगडीच पडलं.

पावसाळ्यात भाताच्या लावणीला मी गावी गेले. परत आले तर खुराडं उघडं, आणि अंगणभर पिसं.

"मुंगूस आलं गं," हे मान खाली घालून म्हणाले. "मी कामावर होतो."

मी दोन दिवस जेवले नाही. यांनी बाजारातून जाळी आणली, मुंगूस शिरलं म्हणाले ते भोक बुजवलं, मला चहा करून दिला. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं मी आईला फोनवर सांगितलं.

दसऱ्याला यांच्या कारखान्यातल्या एका मित्राकडे आडगावला गेलो. पुरुष पुढे गप्पा मारत होते. मित्राची बायको मला मागची बाग दाखवायला घेऊन गेली. वांग्याच्या वाफ्यातून एक कोंबडी लंगडत आली. मी सवयीने "तीऽ ती ती" केलं, तर ती धावत माझ्या पायाशी.

"ओळखलं बघा तुम्हाला!" ती बाई हसून म्हणाली. "भावजींनी आणून दिल्यापासून चारही मजेत आहेत. तुम्हाला वेळ होत नाही म्हणाले."

तिचा काय दोष? मी हसले. आपट्याची पानं दिली, श्रीखंड खाल्लं.

घरी आल्यावर विचारलं. यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "घरमालक वासावरून कटकट करत होता. जागा सोडावी लागली असती. तू रडली असतीस, म्हणून सांगितलं नाही."

"रडलेच की मी. तुमच्यासमोर."

हे शर्टाची बटणं काढू लागले.

"आणि पिसं?"

"खुराड्यातलीच होती. मी पसरली."

घरमालकाचं कारण खोटं नव्हतं. मला विचारलं असतं, तर मीच त्यांना आईकडे पोचवून आले असते. पण मी शेतात चिखलात उभी असताना हा माणूस इथे वाकून मूठमूठ पिसं पसरत होता. ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

मित्राच्या बायकोने नंतर फोन केला, हव्या तर घेऊन जा म्हणाली. पण तिथे त्यांना मातीत उकरायला मोकळं रान आहे, हाकलायला कुणी नाही. मी राहू दे म्हटलं.

आम्ही त्याच घरात राहतो. स्वयंपाक होतो, सण होतात. हे प्रेमाने वागतात, पूर्वीपेक्षा जास्तच. तरी यांना यायला उशीर झाला, की सांगितलेल्या कारणापेक्षा मी चेहऱ्याकडेच जास्त बघते.

गावाहून परतले की आईचा फोन येतो. "पोचली का घरी?"

"नाशिकला पोचले," मी सांगते.