पायरीजवळचा खांब

माणसाच्या शब्दावर जायचं नाही, माल हातात घेऊन बघायचा, हे मी बावीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. अंबरनाथला स्टीलचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत बाहेरून आलेला माल तपासून आत घेणं हे माझं काम. ही सवय कंपनीच्या गेटवर ठेवून येता येत नाही. मेथीची जुडी मी सोडून बघतो. बायको म्हणते, "मला बघायला आलात तेव्हा दात मोजायचे तेवढे राहिले होते."

त्यामुळे कात्रपच्या आमच्या घराच्या ओटीला नवा कठडा करायचं ठरलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांना माझीच धास्ती होती. जुना कठडा लाकडी. वाळवीने पोखरलेल्या त्याच्या पायरीजवळच्या खांबाला आई टेकली आणि तो बुडापासून मोडला. आई तीन पायऱ्या खाली गेली. मनगट मोडलं, ते सांधलं. पण ती ओटीवर यायची बंद झाली ती झालीच. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला "कुठं चाललास रं?" विचारल्याशिवाय जिची सकाळ होत नसे, ती आता आतल्या पलंगावर बसून राहायची. तिला परत बाहेर आणायचं होतं, कठडा त्यासाठी होता. शोभाबिभा गेली खड्ड्यात.

उल्हासनगर कॅम्प पाचमधला एक सिंधी कारागीर कोणीतरी सुचवला. पीव्हीसीच्या बोर्डाचं काम करणारा, साठीचा, कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याचा मला जास्तच संशय येतो. त्याने ओटी मापली आणि म्हणाला, "ह्या बोर्डाला पाणी लागत नाय, वाळवी लागत नाय. लेकिन नुसता बोर्ड भार घेणार नाय. प्रत्येक खांबात लोखंडी पाईप उभा करणार, खाली काँक्रीटमध्ये बोल्ट मारणार. त्याच्यावर बोर्डाची पेटी."

म्हणजे भार घेणारी वस्तू आत आणि दिसणारी बाहेर. मला हे मुळीच आवडलं नाही. पहिल्या दिवशी रजा काढून मी त्याच्या डोक्यावर उभा राहिलो. तीन खांबांत पाईप जाताना डोळ्यांनी बघितले. दुसऱ्या दिवशी रजा मिळाली नाही, आणि नेमका त्याच दिवशी पायरीजवळचा चौथा खांब झाला. संध्याकाळी आलो तर चारही खांब पांढरेशुभ्र, वर चिकटवलेल्या टोप्या, जोड कुठे शोधून सापडेना. मन म्हणालं, इतकं साफ काम माणूस उगाच करत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो वरची आडवी पट्टी बसवायला आला. मी पिशवीतून कंपनीतला जाडजूड लोहचुंबक काढला आणि त्याच्यादेखत पहिल्या खांबाला लावला. बोर्डावरूनही चिकटला. दुसऱ्याला, तिसऱ्याला चिकटला. चौथ्यावरून सरळ घसरून लादीवर पडला.

"पाईप कुठाय?" मी विचारलं.

"अंदर आहे."

"मग चुंबक खोटं बोलतो?"

पुढे मी काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. म्हाताऱ्या बाईच्या जिवाशी खेळतोस, मी घरी नाही बघून हात मारलास, तुमची सगळ्यांची जात एकच. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. आत आईलाही सगळं ऐकू जात असणार.

त्याने हत्यारांची पिशवी ओढली. करवतीचं पातं घेतलं, चौथ्या खांबाची टोपी कापून काढली आणि बाजूला झाला. आत पाईप होता. चारही बाजूंनी बोर्डाचे तुकडे ठोकून घट्ट बसवलेला, लखलखीत.

"स्टेनलेस आहे, साहेब. तुम्ही स्टीलच्या कंपनीत ना? चांगल्या स्टीलला चुंबक कधी पकडतो काय?"

बावीस वर्षं मी हेच करत आलोय. स्टील म्हणून आलेल्या मालाला चुंबक चिकटला की माल परत. ते ज्ञान माझ्याच दारात मला आठवलं नाही. मला तो पाईप नको होता, चोर हवा होता.

"पायरीवर पाऊस सीधा मारतो," तो म्हणाला. "लोखंड आतमध्ये गंजलं तर बाहेरून कुणाला कळणार नाय. आई इथूनच उतरणार, म्हणून हा टाकला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. जुन्या खांबाचं बुड पोकळ झालंय हे मला आई पडायच्या आधी दोन महिने माहीत होतं. त्यात माझं बोट गेलं होतं. गणपतीत पाहुणे येणार म्हणून मी त्यात पुट्टी भरली, वर ऑइलपेंट मारला आणि दिवाळीनंतर बघू म्हटलं. आई पडल्यावर मीच गल्लीभर सांगत फिरलो की सुताराने कच्चं लाकूड वापरलं. वरून छान आणि आत काही नाही, असं काम कसं करतात हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तो नवी टोपी चिकटवत होता तेव्हा बायकोच्या आधाराने आई दारात आली. कितीतरी महिन्यांनी. मी लगबगीने पुढे झालो, हात पुढे केला. "ये आई, एकदम पक्का आहे. मी स्वतः तपासलाय."

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या बाजूने मान काढून त्या कारागिराला विचारलं, "बाला, ह्याच्यावर भार टाकू का रं?"

त्याने हात पँटला पुसले, खांब धरून आपलं सगळं अंग त्यावर टाकून दाखवलं आणि खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. "टाका, आई. मी खाली आहे."

आईने खांब धरला आणि एकेक पायरी उतरली. माझा पुढे केलेला हात तिने घेतला नाही.