राहुकाळातली ॲम्ब्युलन्स

ॲम्ब्युलन्सला उशीर कुठे होतो असं कुणी विचारलं, की त्याला रस्त्याचं नाव ऐकायचं असतं. मी चेन्नईत बरीच वर्षं सरकारी ॲम्ब्युलन्सवर काम करते आहे आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: दिवाणखान्यात. रस्त्यावर या शहरातली माणसं शहाण्यासारखी वागतात. बस बाजूला होते, पाण्याचा टँकरसुद्धा बाजूला होतो, आणि आम्ही पुढे सरकलो की पाच-सहा मोटरसायकली आमच्या मागे चिकटतात, कारण त्यांनाही लवकर पोचायचं असतं. खरी कोंडी घरात होते, सोफा आणि टीव्हीच्या मधे.

माझे वडील साताऱ्याकडून चेन्नईजवळच्या आवडी या गावी, संरक्षण कारखान्यात नोकरीला आले. मी तिथल्याच क्वार्टर्समध्ये जन्मले. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. नर्सिंग केलं, मग ॲम्ब्युलन्सचं प्रशिक्षण घेतलं. ओळखपत्रावर माझा हुद्दा दोन ओळींचा आहे, पण लोक सिस्टर म्हणतात आणि नातेवाइकांत माझी ख्याती ‘ड्रायव्हरशेजारी बसते ती’ अशी आहे. त्यात खोटं काही नाही, पेशंटला पोचवून परत येताना मी तिथेच बसते. आमच्याकडे ड्रायव्हरला पायलट म्हणतात. माझे पायलट पन्नाशीचे, मितभाषी तमिळ गृहस्थ आहेत. मी त्यांना अण्णा म्हणते. इतक्या वर्षांत ते गाडीच्या बाबतीत कधी चिडलेले नाहीत, माझ्या बाबतीत चिडले आहेत.

घरात काय होतं ते सांगते. आम्ही धापा टाकत वर पोचतो, तर पेशंट दात घासत असतो. त्याला इस्त्रीची वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, हवं असतं. देवापुढे दिवा लागायचा असतो, कपाळाला विभूती लावायची असते, आणि जुन्या रिपोर्टांची फाइल तारखेप्रमाणे लावायचं काम नेमकं तेव्हाच निघतं. नमनाला असं घडाभर तेल गेलं की मग कुणीतरी भिंतीकडे बघतं. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं, आणि त्या पानावर त्या दिवसाचा राहुकाळ छापलेला असतो. राहुकाळ म्हणजे रोजचा दीड तास, ज्यात चांगल्या कामाला बाहेर पडायचं नाही. शिवाय यमगंड असतो, त्यातही नाही. शिवाय गुळिक असतो, त्यात केलेलं काम पुन्हा पुन्हा घडतं म्हणतात, म्हणून गुळिकात हॉस्पिटलला जायचं नाही. एवढं सगळं वगळून उरलेल्या वेळात माणसानं आजारी पडावं, अशी व्यवस्था आहे. शाळेत मला तेराचा पाढा कधी आला नाही, पण आठवड्याचे राहुकाळ आजही झोपेतून उठवून विचारा.

तो शुक्रवार होता, म्हणजे साडेदहा ते बारा. वेस्ट मांबलममधून फोन आला, छातीत दुखतंय. आम्ही साडेअकराला तिसऱ्या मजल्यावर पोचलो. लिफ्ट कपाटाएवढी. स्ट्रेचर मावेना, म्हणून घडीची खुर्ची घेऊन जिन्यानं चढलो. दारात तांदळाच्या पिठाची सुरेख रांगोळी, कोलम, काढलेली होती. आत पंख्याखाली पंचाहत्तरीचे एक निवृत्त बँक अधिकारी बसले होते. घामानं निथळत होते, हात छातीवर होता, आणि मला बघून म्हणाले, “गॅस.” छातीत दुखणारा प्रत्येक पुरुष गॅस म्हणतो. हार्ट ॲटॅक इतरांना येतो, आपल्याला गॅस होतो.

मी ईसीजी काढला. त्या कागदाला कुणाची भीड नसते. हृदयाची एक मोठी शीर बंद पडली होती. कंट्रोल रूमच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले, गोळी चावायला द्या आणि ताबडतोब हलवा. गोळी दिली, ऑक्सिजन लावला, अण्णांनी खुर्ची उघडली. अकरा वाजून अडतीस मिनिटं झाली होती. ही वेळ मी फॉर्मवर लिहिली आहे, म्हणून ठाम सांगते.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी देवघरातून बाहेर आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, नऊवारी नव्हे पण नऊवारीच्या थाटात नेसलेली साडी. मला तमिळमध्ये म्हणाल्या की बारा वाजेपर्यंत थांबायचं आहे. आणि नवऱ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “गोळी घेतलीत कीं. कोंजम बरें वाटेल. बारा वाजूं दे, मग निघूं.”

ती तंजावरची मराठी होती. शब्द जुन्या पत्रातले, सूर तमिळ, आणि मधेच ‘कोंजम’, म्हणजे थोडं, असा तमिळ शब्द. मला राहवलं नाही, मी मराठीत म्हणाले, “मामी, थांबता येणार नाही.”

त्यांचा चेहरा उजळला. “अग, तूं आमचेंच माणूस! कोण गावची? बैस, बैस. काफी घेतेस?”

हार्ट ॲटॅकच्या पेशंटशेजारी उभं राहून मी माझं मूळ गाव सांगितलं. वडील काय करतात, लग्न झालं का, तेही सांगितलं. इतक्या वेळात अण्णांनी दोनदा घसा खाकरला.

दरम्यान डायनिंग टेबलावर फोन उभा करून ठेवला होता, कॉफीच्या टंबलरला टेकवून. त्यात अमेरिकेतला मुलगा होता. त्यानं मला हॉस्पिटल कोणतं विचारलं, तिथे कॅशलेस चालतं का विचारलं, आणि ईसीजीचा फोटो मागितला, कारण त्याचा एक मित्र डॉक्टर होता. कसला डॉक्टर? त्वचेचा. तरी पाठवला. उंटावरून शेळ्या हाकायच्याच तर निदान शेळ्या दिसल्या पाहिजेत. मी त्याला म्हटलं, तुम्ही आईंना समजवा. तो म्हणाला, “सिस्टर, माझा स्वतःचा यावर अजिबात विश्वास नाही. पण अम्माच्या भावना आहेत ना.” राहुकाळ मानणाऱ्यांशी मी अजून जमवून घेते. न मानता पाळणाऱ्यांपुढे मात्र मी हात टेकते.

पेशंट शुद्धीवर होते, म्हणून मी त्यांनाच विचारलं. चार दशकं लोकांची कर्जं मंजूर करणारा माणूस. ते पत्नीकडे बोट दाखवून म्हणाले, “ती सांगते तसें.”

आमच्याकडे नकाराचा फॉर्म असतो. घरच्यांनी न्यायला नकार दिला तर सही घ्यायची. तो पुढे केला की निम्मी घरं हलतात. मामींनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला आणि परत दिला. “आम्ही नक्को सांगत नाहीं. येतों सांगतों. बारा वाजतां येतों.” यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

मग मला युक्ती सुचली. आमच्या घरी प्रस्थान ठेवायची पद्धत होती. वाईट वेळ लागण्याआधीच प्रवासाची पिशवी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात, मग स्वतः केव्हाही निघा. मी म्हणाले, “मामी, आमची गाडी सकाळी आठलाच स्टँडवरून निघाली. राहुकाळ लागायच्या कितीतरी आधी. तुमचं प्रस्थान झालेलंच आहे.”

त्यांना हे फार आवडलं. त्यांनी खुर्ची ओढून घेतली. शेजारच्या घरांतून नव्या घरात दूध उतू घालण्यापासून स्कूटर घेण्यापर्यंत सगळे मुहूर्त त्यांनाच विचारले जात, हे मला नंतर कळलं. त्या म्हणाल्या, प्रस्थान आपल्या वस्तूचं असतं, गाडी सरकारची. मी म्हणाले, सरकार आपलंच. त्या म्हणाल्या, वस्तू घरातून बाहेर जावी लागते, बाहेरून घरात आलेली चालत नाही. मी म्हणाले, यांचा फोन घरातूनच आमच्याकडे गेला. त्यावर त्या थोड्या थांबल्या, आणि मला वाटलं की जिंकले. मग त्या म्हणाल्या, “फोन अकरा वाजून गेल्यावर केला. राहुकालम् लागून गेलें होतें.” हे बिनतोड होतं.

अण्णा तमिळमध्ये म्हणाले, “सिस्टर, वाद पुरे झाला.” मी घड्याळ बघितलं. या शास्त्रार्थात सहा मिनिटं गेली होती. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. मराठीत असं कुणाशी कडाडून भांडायची संधी मला या शहरात कुठे मिळते?

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले तेव्हा मी खुर्चीला हात घातला. मामी म्हणाल्या, हें पांच मिनिटें पुढें असतें. मग आम्ही मोबाइलच्या बाराची वाट बघितली.

बारा वाजले. आम्ही पेशंटला खुर्चीत बांधून जिन्यानं उतरवलं, गाडीत घेतलं, मामी पुढे अण्णांशेजारी बसल्या. फ्लायओव्हर चढताना पेशंटचं हृदय थांबलं. पडद्यावरची रेघ वेडीवाकडी झाली आणि डोळे वर गेले. अण्णांनी गाडी कडेला घेतली. मी छाती दाबली, शॉक दिला, पुन्हा दाबली, पुन्हा शॉक दिला. दुसऱ्या शॉकनंतर ठोका परत आला. पुढच्या सीटमागे एक छोटी काच असते. मामींनी त्यातून सगळं पाहिलं.

पेशंटला हॉस्पिटलात आत दिलं आणि आम्ही दुसऱ्या कॉलवर गेलो. तीनच्या सुमारास आणखी एक पेशंट घेऊन त्याच हॉस्पिटलात आले, तेव्हा मामी आयसीयूबाहेरच्या बाकावर एकट्या बसल्या होत्या. शीर उघडली होती, ते वाचले होते. पण हृदयाचा बराच स्नायू गेला होता. यापुढे जिना नाही, बाजार नाही, दहा पावलांत धाप लागणार. डॉक्टर मामींना “थोडं आधी आणलं असतंत तर” एवढंच म्हणून पुढे गेले होते. डॉक्टरांना अर्धं वाक्य बोलून जायची सवय असते, उरलेलं अर्धं घरच्यांनी आयुष्यभर म्हणायचं.

मामींनी माझा हात धरला. “अग, तूं सांग. मी थांबवलें म्हणून झालें का हें?”

आठवड्याला असे दोन-तीन दिवाणखाने मी बघते आणि मनात प्रत्येकाला शिव्या घालते. या प्रश्नाची वाट मी कितीतरी वर्षं बघत होते. आणि त्या हाताकडे बघून मी म्हणाले, “नाही हो मामी. त्या थोड्या मिनिटांनी काय होतंय? व्हायचं ते होतंच.”

त्यांनी डोळे मिटले. खांदे खाली आले. मला बरं वाटलं, चांगुलपणा केल्यासारखं वाटलं. मी निघाले तेवढ्यात त्यांनी फोन लावला. कुंभकोणमला, थोरल्या बहिणीला. बहिणीच्या यजमानांनाही हृदयाचं दुखणं होतं, दोन स्टेंट घातलेले होते, अधूनमधून कळ यायची, आणि प्रत्येक वेळी निघायचं की नाही हे ती बहीण मामींना विचारायची. हे सगळं मला त्या दोन मिनिटांत कळलं, कारण मामी बहिणीला सांगत होत्या, “ॲम्ब्युलन्सची सिस्टर सांगितली. आपल्यांतलीच पोरगी. थांबल्यानें कांहीं होत नाहीं. तूं भिऊं नक्को, भावजींना दुखलें तर मला विचार, मी वेळ पाहून सांगतें.”

मी तिथेच उभी राहिले. बाहेर अण्णा हॉर्न वाजवत होते. मला माझाच राग आला. मामींनी फोन ठेवल्यावर मी त्यांच्या शेजारी बसले.

“मामी, मी खोटं बोलले.”

“कोणतें?”

“उशिरानं काही होत नाही म्हणाले ते. झालं ते उशिरानंच. माझी तयारी झाल्या झाल्या निघालो असतो तर इतकं हृदय गेलं नसतं. गाडीत थांबलं, तेव्हा मी एकटी होते. कदाचित थांबलंही नसतं. थांबलं असतं तर इथे थांबलं असतं, दहा माणसांत.”

त्या समोरच्या बंद दाराकडे वळल्या. मग विचारलं, “किती झालीं मिनिटें?”

“बावीस. त्यातली सहा माझी आहेत. तुमच्याशी वाद घालण्यात घालवली. तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं, की थांबलो तर यांचा इथेच खुर्चीत जीव जाईल. ते म्हणाले नाही. मला जिंकायचं होतं.”

त्या मला बोलतील असं वाटलं, बोलल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा फोन लावला.

“अक्का, मी. आतां सांगितलें तें चूक आहे. भावजींना दुखलें तर लागलीच निघा. राहुकालम् असो, यमगंडम् असो. मला विचारूं नक्को.”

पलीकडून बहीण बराच वेळ बोलत होती. तिचा आवाज मला ऐकू येत होता, शब्द नाहीत.

“हो,” मामी म्हणाल्या. “आजपर्यंत मीच सांगत आलें. आतांही मीच सांगतें. त्यांना मीच थांबवलें, अक्का.”