कोरडी पिशवी

कपाशीवर फवारणी सुरू झाली की त्या उग्र वासासरशी मला तो आयसीयू आठवतो. फवारणीचं औषध अंगात भिनून बाबांच्या किडन्या बंद पडल्या होत्या. खाटेला अडकवलेली लघवीची पिशवी तीन दिवसांपासून कोरडी होती. पाणी छातीत साचेल, घोटभरही देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "पाणीच नाही भेटलं तं लघवी कुठून होईन?" असं म्हणत आईने पदराआडून पाण्याची भरलेली बाटली काढली. मी दाराकडे बघत उभी राहिले. संध्याकाळी बाबांना धाप लागली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. आई अजून विचारते, "दोन घोटच पेले होते ना वं ते?" मी हो म्हणते. नंतर खाटेजवळची बाटली मीच उचलली होती. ती रिकामी होती.